दात रंगवणारी बाटली: दोन पोरं, एक मोरी आणि आमचा कौल

आधी कौल सांगते, मग पाल्हाळ. पोरांना आपल्या हाताने दात घासायला शिकवत असाल आणि रोज रात्री "घासले!" "कुठं घासलेस?" अशी हुज्जत घरात चालत असेल, तर डिस्क्लोझिंग सोल्यूशन नावाची छोटी बाटली मिळते, ती घ्या. माझ्याकडून पाचपैकी चार तारे. एक तारा डागांसाठी कापलाय. मी ब्लाऊज शिवते. डागांच्या बाबतीत माझं मन मोठं असूच शकत नाही.

बाटली काय करते ते सांगते. दातांवर जो चिकट थर बसतो त्याला डॉक्टर प्लाक म्हणतात. तो असतो दाताच्याच रंगाचा, म्हणून नुसत्या डोळ्यांना कळत नाही. हे द्रव फिरवलं की थराला रंग चढतो, स्वच्छ दात पांढराच राहतो. कापडावर खडूने खूण केल्यावर कात्री कुठून न्यायची ते जसं कळतं, तसं पोराला ब्रश कुठे न्यायचा ते कळतं. मी घेतलं ते दुरंगी आहे. ताजा थर गुलाबी होतो, साठून जुना झालेला थर जांभळट निळा. असं का, ते दातांच्या डॉक्टरीणबाईंना विचारलं. द्रवात दोन्ही रंग एकत्रच असतात, चूळ भरली की पातळ थरातला निळा निघून जातो, जाड थरात तो अडकून बसतो. म्हणजे निळं दिसलं की समजायचं, या जागी कालही ब्रश आला नव्हता आणि परवाही नाही.

एकरंगी गोळ्याही मिळतात, चावून जिभेने तोंडभर फिरवायच्या. मोठ्या मुलांना त्या ठीक. चार वर्षांच्या आमच्या धाकट्याच्या हातात गोळी पडली की ती पोटात गेलीच, म्हणून मी द्रव घेतलं. एका जपानी कंपनीची तीन रंग दाखवणारी जेलसुद्धा आहे. दातांवर आम्ल तयार करणारा थर ती तिसऱ्या, फिकट निळ्या रंगात दाखवते. किंमत ऐकून ती मी अदबीने काउंटरवर परत ठेवली. माझी बाटली एका अस्तराच्या ब्लाऊजच्या शिलाईत आली. थेंबाथेंबाने वापरायची असल्याने वर्षभर सहज पुरेल असं दिसतंय.

साध्या मेडिकलमध्ये मात्र विचारू नका, "माउथवॉश का?" म्हणून हिरवी बाटली पुढे करतात. सांगलीच्या आजूबाजूला दातांची कॉलेजं आहेत, त्यामुळे दातांच्या डॉक्टरांना सामान पुरवणारे डेंटल डेपो इथे आहेत, तिथून मी आणली. दुकानदाराने "क्लिनिक कुठलं, मॅडम?" म्हणून विचारलं. तुमच्या गावात डेपो नसेल तर तुमच्या डेंटिस्टकडेच मागा, बहुतेकांच्या कपाटात असते. ऑनलाइनही येते, पण माझ्या मैत्रिणीची बाटली झाकणाशी गळत आली, आतला पुठ्ठा सगळा गुलाबी.

आता वापर. आमच्याकडे रात्रीच्या जेवणानंतर, आणि तोही शनिवारीच. रविवारी शाळा नाही, जीभ गुलाबी राहिली तरी कोणी हसत नाही. आधी ओठांना व्हॅसलीन, हे अजिबात चुकवायचं नाही, नाहीतर ओठ दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत लिपस्टिक लावल्यासारखे. पोरांचे शर्ट काढायचे, किंवा जुन्या परकराचा तुकडा गळ्याभोवती बांधायचा. कापसाच्या काडीवर दोन-तीन थेंब घ्यायचे आणि दातांवरून फिरवायचे: आधी बाहेरची बाजू, मग आतली, मग दाढांचा माथा. एकदा चूळ. मग आरसा.

खरी गंमत आरशातच आहे. थोरली साडेसहा वर्षांची. "मी स्वतः घासते" हे तिचं पालुपद, आणि घासतेही इमानाने, समोरच्या दातांवर फेसाचा डोंगर होईपर्यंत. पहिल्या शनिवारी ती आधी घासून आली आणि मग मी रंग लावला. समोरचे दात पांढरेशुभ्र, त्यावर तिचा चेहरा फुलला. मग मी ओठ जरा वर उचलला. हिरडीच्या कडेने बारीक गुलाबी किनार, सगळ्या दातांना. खालच्या दाढांच्या आतल्या बाजूला, जिभेकडे, जांभळं. आणि उजवा सुळा रंगलेला, डावा साफ. हे काय गौडबंगाल म्हणून मी तिला कोरड्या ब्रशने परत घासायला लावलं आणि नुसता हात बघत बसले. उजव्या हाताने घासणारं माणूस डावीकडून उजवीकडे येतं तेव्हा सुळ्यापाशी ब्रश फिरवून धरावा लागतो. तिचं मनगट तिथे वळतच नव्हतं. ती कोपरातून हात हलवते, आणि वळणावर ब्रश सुळ्यावरून उडी मारून थेट दाढेवर जातो. डॉक्टरीणबाईंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, मोठ्यांचंही असंच होतं, उजव्यांचा उजवा सुळा आणि डावखुऱ्यांचा डावा. घरी येऊन नवऱ्याला तपासायचं होतं, त्याने तोंड उघडलं नाही.

मुलांनी एकट्याने घासायचं वय सात-आठ असं डॉक्टर सांगतात, आणि त्याची खूण म्हणून बुटाची लेस बांधता येते का बघा म्हणतात. आता लेस बांधायची तर लेस असलेले बूट हवेत. आमच्या पोरांच्या शाळेचे बूट चिकटपट्टीचे, घरी चपला. म्हणून मी माझी परीक्षा काढली: ब्लाऊजची हुकपट्टी हातात द्यायची आणि हुक लावायला सांगायचं, डोळ्यांनी न बघता. थोरली दोन हुक लावते आणि तिसऱ्याला वैतागते. म्हणजे अजून तिच्या घासण्यावर शेवटचा हात माझाच. धाकटा हुक तोंडात घालतो, त्याचा विषयच नाही.

रंगाच्या बाटलीने आमच्या घरात बदल केला तो हा. आधी मी ब्रश हातातून घ्यायला गेले की थोरलीचा अपमान व्हायचा. आता ती स्वतः म्हणते, "आई, मागचं निळं राहिलंय, ते तू काढ." भांडण माझ्याशी नाही, निळ्याशी. धाकट्याच्या बाबतीत उलटं झालं. त्याला रंग इतका आवडला की तो काढूच देईना. "राक्षस झालो" म्हणून दात विचकून घरभर पळाला आणि मशीनवर ठेवलेल्या अर्धवट शिवलेल्या मोतिया रंगाच्या ब्लाऊजला मिठी मारणार तेवढ्यात मी उचलला. त्याच्यासाठी आता नियम असा की राक्षस दहा आकडे म्हणेपर्यंत राहील, पुढे ब्रश.

बाटलीमुळे कळलेली सगळ्यात मोलाची गोष्ट म्हणजे थोरलीची नवी दाढ. सहाव्या वर्षाच्या आसपास दुधाच्या दाढांच्या मागे एक नवीन दाढ येते. तिच्यासाठी कुठलाही दुधाचा दात पडत नाही, त्यामुळे घरात कोणाला पत्ता लागत नाही. बघितली तरी "दुधाचीच असेल, पडेल" म्हणून सोडून देतात. ती पडायची नाही, ती पक्की दाढ आहे, म्हातारपणापर्यंतची. आणि येताना ती हळूहळू वर येते, काही महिने शेजारच्या दाढेपेक्षा बुटकी असते. पोर सरळ ब्रश मागे नेतं तेव्हा केस पुढच्या उंच दाढेवरच टेकतात, मागची बुटकी तशीच. थोरलीच्या खालच्या डाव्या बाजूला ती अर्धी वर आलेली दाढ अख्खी जांभळी दिसली. माथ्यावरच्या खाचा तर शाई ओतल्यासारख्या. तिथे ब्रश गालाच्या बाजूने आडवा न्यावा लागतो आणि त्या एकाच दाढेच्या माथ्यावर हलवावा लागतो. हे तिला येत नाही, मी करते. डॉक्टरीणबाई म्हणाल्या की दाढ पूर्ण वर आली की खाचा भरून घेऊ, सीलंट म्हणतात त्याला. सुई नाही, कोरणं नाही. दिवाळीनंतरची तारीख घेतली आहे.

बाटलीसोबत घरातल्या बाकीच्या वस्तूंचाही न्याय करता आला, तो थोडक्यात सांगते.

तोंडात धरायचा यू आकाराचा रबरी ब्रश, जाहिरातीत पोरं नाचत वापरतात तो. माझ्या भावाने पुण्याहून हौसेने आणलेला. धाकट्याने तो चांगला वेळ चावला, मग रंग लावला. दातांचे माथे बरे, हिरडीची कड सगळी गुलाबी. तो साचा एकाच मापाचा, पोराचा जबडा त्याच्या मापाचा, दोघांची गाठ पडत नाही. रेडिमेड ब्लाऊजबद्दल माझं जे मत आहे तेच इथे. शून्य तारे. पण भावाला सांगू नका.

बॅटरीचा फिरत्या डोक्याचा ब्रश नणंदेच्या मुलीकडे आहे, तो गावी गेलो तेव्हा नवीन डोकं लावून थोरलीला वापरून बघायला दिला. हा खरंच काम करतो. हिरडीची किनार साफ झाली, सुळाही. विजेच्या ब्रशने साध्यापेक्षा थर जास्त निघतो हे पाहणीतही आलेलं आहे. २०१४ मध्ये कोक्रेन या संस्थेने बऱ्याच चाचण्या एकत्र तपासल्या, त्यात तीन महिन्यांहून जास्त काळ वापरल्यावर साध्या ब्रशपेक्षा प्लाक सुमारे २१ टक्के कमी आढळला होता. पण डोकं दर तीन महिन्यांनी बदला, सेल बदला, आणि दोन पोरं असतील तर दोन डोकी. शिवाय ती थोरली त्याला दातावर नुसतं टेकवून कार्टून बघत उभी राहिली. साडेतीन तारे, ज्यांना परवडतो त्यांनी घ्या.

साधा ब्रश: लहान डोकं, मऊ केस, जाड मूठ. वीस-पंचवीस रुपयांत मिळतो आणि आमच्याकडे हाच चालतो. चित्र कुठलं आहे याने पोराला फरक पडतो, दाताला नाही. मूठ मात्र जाड बघा, बारीक दांडी लहान हातात फिरते. केस फाकले की तीन महिने व्हायची वाट बघू नका. धाकटा घासतो कमी, चावतो जास्त, त्याचा ब्रश फार लवकर झाडू होतो.

वाळूचं दोन मिनिटांचं घड्याळ जत्रेतल्या खेळण्यासारखं दिसतं, पण त्याचा उपयोग झाला. दोन मिनिटं किती लांब असतात ते मला त्याच्यामुळे कळलं. थोरलीची आधीची घासणी त्याच्या पाव भागात आटपायची. पाट ठेवलाय मोरीच्या आरशाखाली, पोरांना स्वतःचं तोंड दिसलं पाहिजे. आणि शेवटचा हात मारायचा तर समोर उभं राहू नका. मागे उभं राहून पोराचं डोकं आपल्या पोटाला टेकवायचं, एका हाताने हनुवटी धरायची. समोरून केलं की पोर मागे मागे सरकतं आणि भिंत लागेपर्यंत थांबत नाही.

पेस्टबद्दल मला जास्त बोलायचंय, कारण इथे पैसे आणि दात दोन्ही जातात. खोक्यावर कार्टून आणि स्ट्रॉबेरी बघून घेऊ नका, मागचं बारीक अक्षर वाचा. आपल्याकडे टूथपेस्टमध्ये फ्लोराइड, म्हणजे दातांना किडीपासून जपणारा घटक, १००० पीपीएमपेक्षा (दहा लाख भागांत हजार भाग) जास्त घालता येत नाही, आणि किती घातलं ते ट्यूबवर आणि खोक्यावर छापावं लागतं. लहान मुलांच्या काही पेस्टमध्ये ते याहून बरंच कमी असतं, काहींत मुळीच नसतं, आणि नसल्याचीच जाहिरात असते. एका दुकानदाराने मला "बाळांसाठी फ्लोराइड वाईट, ही घ्या ताई" म्हणून तिप्पट किमतीची ट्यूब देऊ केली. डॉक्टरीणबाईंचं म्हणणं सरळ: १००० पीपीएमच्या आसपासचीच वापरा, भीती असेल तर ब्रशवर पेस्ट कमी घ्या. तीन वर्षांच्या आत तांदळाच्या दाण्याएवढी, तीन ते सहा वाटाण्याएवढी. वाटाणा म्हणजे साधारण पाव ग्रॅम पेस्ट, त्यात फ्लोराइड पाव मिलिग्रॅम. जाहिरातीत ब्रशभर जी लाट काढतात ती कंपनीची ट्यूब लवकर संपावी म्हणून. पेस्ट पोराच्या हातात द्यायची नाही, लावून द्यायची. घासून झालं की थुंकायचं आणि खळखळून चुळा भरायच्या नाहीत, फ्लोराइड जरा दातावर राहू द्यायचं. आमच्याकडे ही शेवटची गोष्ट आत्याबाईंना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, अजून पटलेली नाही. त्यांच्या मते तोंडात फेस ठेवून झोपणं म्हणजे उष्ट्या तोंडाने झोपणं.

विदर्भ-मराठवाड्यातल्या वाचकांसाठी एक वेगळी सूचना. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेडच्या काही भागांत बोअरच्या पाण्यातच फ्लोराइड जास्त असतं आणि पोरांच्या दातांवर पांढरे-तपकिरी पट्टे येतात. तिथे पेस्टचं काय करायचं ते गावच्या डॉक्टरला विचारून ठरवा, माझं ऐकून नको.

आत्याबाईंचा विषय निघालाच आहे तर सांगते. त्या सकाळी मिश्री लावतात. तव्यावर तंबाखू भाजून, कुटून, डबीत. मोरीच्या कट्ट्यावर बसून तर्जनीने सावकाश दात चोळायचे, शेजारणीशी बोलायचं, तासभर. धाकट्याचं दात घासण्याचं पहिलं शिक्षण तेच. ब्रश दिला की तो बाजूला ठेवून, आजीशेजारी उकिडवा बसून, रिकामं बोट दातांवर फिरवायचा आणि पिचकारी मारायचा, अगदी तिच्या ऐटीत. पोर ऐकत नाही, बघतं. तंबाखू घातलेल्या टूथपेस्ट आणि मंजनांवर १९९२ मध्ये सरकारने बंदी आणली, पण घरच्या तव्यावर कोण पहारा देणार? मी सासूला सोडा म्हणून सांगितलं नाही, ते काम नवऱ्याचं, आणि तो नुसता हं म्हणतो. एवढं झालं की आत्याबाई आता पोरं उठायच्या आधी परड्यात जाऊन मिश्री लावतात, आणि पोरांसमोर एक ब्रश हातात धरून बसतात. ब्रश कोरडा असतो. धाकट्याला ते माहीत नाही, तो त्यांची नक्कल करत घासतो, आणि मला तेवढं पुरतं.

एका शनिवारी त्यांनीही रंग लावून बघितला. उरलेल्या दातांवर मिश्रीचे काळे डाग इतके की गुलाबी कुठे चढला ते कळेना. तात्पर्य, मोठ्यांच्या डागाळलेल्या दातांवर हे उत्पादन फारसं बोलत नाही.

आता तक्रारी एकत्र. चव कडवट-गोड, औषधासारखी, थोरली प्रत्येक वेळी तोंड वाकडं करते. जीभ सकाळपर्यंत गुलाबी. मोरीच्या पांढऱ्या फरशीच्या सांध्यांत जो रंग गेला तो घासणीने गेला नाही. बेसिन चिनी मातीचं असेल तर लगेच पाणी ओता, निघतो. सुती कापडावर पडला तर ताबडतोब गार पाण्यात, साबण नंतर. सिंथेटिकवरचा जरा लवकर निघतो. रेशमावर पडला तर मला विचारू नका. पुष्कळ उत्पादनांत लाल रंगासाठी एरिथ्रोसिन असतं, त्यात आयोडीन असतं. घरात कोणाला आयोडीनची किंवा खाण्याच्या रंगांची ॲलर्जी असेल तर आधी डॉक्टरला विचारा. शाळेचा फोटो, लग्न, मुंज यांच्या आदल्या रात्री बाटली उघडू नका.

आणि बाटलीकडून भलती अपेक्षा नको. ती थर दाखवते, कीड दाखवत नाही. दातावर काळा खड्डा दिसतोय, पोर एकाच बाजूने चावतंय, गार पाण्याने कळवळतंय, तर रंग लावत बसू नका, डॉक्टरकडे न्या. "दुधाचा आहे, पडणारच आहे" हे शहाणपण नको. मागच्या दुधाच्या दाढा दहा-बारा वर्षांपर्यंत तोंडात राहतात आणि मागून येणाऱ्या पक्क्या दातांची जागा राखतात. पैशांची अडचण असेल तर सरकारी दंत महाविद्यालयं मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगरला आहेत, तिथे मुलांच्या दातांचा वेगळा विभाग असतो. अंगणवाडीत आणि शाळेत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक येतं, ते दातांची कीडही बघतं. हा कार्यक्रम २०१३ मध्ये आपल्या पालघरातूनच सुरू झाला. पथक येईल त्या दिवशी पोराला घरी ठेवू नका, आणि त्यांनी हातात चिठ्ठी दिली तर ती दप्तरात कुजू देऊ नका.

घेताना झाकणाची सील आणि शेवटची तारीख बघून घ्या. आमच्या डेपोवाल्याने मला पहिल्यांदा दिलेली बाटली दोन महिन्यांत संपणारी होती, मी बदलून मागितली, त्याने निमूट दिली. सोबत कापसाच्या काड्या आणि व्हॅसलीनची डबी लागते, दोन्ही घरात असतातच.